बडोद्याच्या शाळेत नव्याने रुजू होताना: मावशी, काका आणि आपण

हा लेख येत्या जूनमध्ये बडोद्यातल्या एखाद्या शाळेत पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या शिक्षक-शिक्षिकांसाठी आहे. बी.एड.ला पाठाचं टाचण काढायला शिकवतात, फळ्याचा वापर शिकवतात. तो फळा सकाळी सहा वाजता येऊन पुसून ठेवणाऱ्या माणसाशी कसं वागायचं, ते कुठल्याच पेपरात येत नाही. मग नवी बाई किंवा नवा सर स्टाफरूममध्ये आधीचे लोक जसे वागतात तसेच वागायला लागतात आणि पाच-सहा महिन्यांत ती सवय होऊन जाते. म्हणून सुरुवातीलाच हे वाचून ठेवा.

माझं म्हणणं थोडक्यात असं. पटावाळे (म्हणजे शिपाई), मावशी, सफाई कामदार, वॉचमन, बसवाले काका यांना हसून नमस्कार करावाच, पण त्यांचा खरा मान त्यांच्या वेळेत आहे: कामाची वेळ, जेवणाची वेळ, रजेची वेळ आणि पगाराची तारीख. या चार गोष्टी सांभाळणारा शिक्षक अबोल असला तरी त्यांना आपला वाटतो. रोज गोड बोलणारा पण ऐन जेवणाच्या वेळी हाक मारणारा मात्र त्यांना नकोसा होतो.

रुजू होतानाच: कोण कोणाच्या पगारावर आहे

ऑफिसातल्या क्लार्कजवळ शांतपणे चौकशी करा. ग्रांटेड, म्हणजे अनुदानित, शाळा असेल तर जुने कायम पटावाळे एखाद-दोन उरलेले असतात, बाकीचे एजन्सीतर्फे आलेले. खाजगी शाळेत काही जण ट्रस्टच्या पगारावर, सफाईवाले एजन्सीचे, ड्रायव्हर आणि क्लीनर बसच्या कंत्राटदाराचे. शिवाय फक्त बाथरूम धुण्यासाठी दिवसातून दोन तास येणारी एखादी बाई असते. तिचं नाव बहुतेक शिक्षकांना वर्षअखेरीसही माहीत नसतं.

ही चौकशी कशाला, असं वाटेल. कारण साधं आहे. तुम्ही चिडून केलेल्या एका तक्रारीवर कायम पटावाळ्याला फार तर मेमो मिळतो. एजन्सीच्या बाईच्या बाबतीत मात्र ऑफिसातून सुपरवायझरला एक फोन जातो आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी उभी असते. तोंडातून शब्द काढण्याआधी समोरच्याची नोकरी किती पातळ धाग्यावर आहे, ते माहीत असलं पाहिजे.

पहिल्या दिवशी: नाव विचारा

तुमच्या मजल्यावर कोण मावशी आहेत, कोण पटावाळे आहेत, ते शोधा आणि स्वतः जाऊन ओळख करून घ्या. मुख्याध्यापक ओळख करून देतील याची वाट बघू नका, ते फक्त शिक्षकांची ओळख करून देतात. "मासी, हुं पाचमा धोरणनी नवी टीचर छुं. तमारुं नाम शुं?" (मावशी, मी पाचवी इयत्तेची नवी टीचर आहे. तुमचं नाव काय?) एवढं गुजराती बडोद्यात वाढलेल्या आपल्या प्रत्येकाला येतं. पुण्या-मुंबईहून आलेल्यांनी एवढं तरी पाठ करावं. नंतर नावापुढे बेन किंवा भाई लावा. मुलांनी मासी-काका म्हणावं, ते छान वाटतं. मोठ्यांनी मात्र नाव घ्यावं, कारण शाळेत मासी पाच असतात.

आणि "तमे", म्हणजे मान देऊन "तुम्ही". मराठी बोलणारे असतील तर "अहो". बावीस-तेवीस वर्षांची शिक्षिका पन्नाशीच्या बाईला "ए, इथे ये ग" म्हणते, कारण घरी धुणं-भांडी करणाऱ्या बाईलाही ती तसंच म्हणते. चाळीस मुलं ते ऐकत असतात. वर्गाच्या दारात उभं राहून टाळी वाजवणं, चुटकी वाजवणं, डस्टर आपटून बोलावणं, हेही नको. चार पावलं चालत जा, नाहीतर एका मुलाला पाठवा आणि काय बोलायचं ते त्याला नीट सांगून पाठवा.

पहिला आठवडा: त्यांचं घड्याळ समजून घ्या

बडोद्यात बऱ्याच शाळा दोन पाळ्यांत भरतात. सकाळची पाळी सुटते आणि दुपारची भरते, त्यांच्यामध्ये फार तर अर्धा-पाऊण तास असतो. तेवढ्यात अख्खी इमारत झाडून व्हायला हवी. एका मजल्यावर दहा वर्ग आणि हातात तीस मिनिटं धरली, तर एका वर्गाच्या वाट्याला तीन मिनिटं येतात. त्या तीन मिनिटांत बाकांच्या रांगा, फळा, डस्टबिन, दाराशी सांडलेलं पाणी, सगळं आलं. सकाळची शिक्षिका सुटल्यावरही वर्गात बसून वह्या तपासत राहिली की मावशींच्या हिशेबातली ती तीन मिनिटं गेली. त्यांनी "बेन, जरा बाहर जशो?" असं विचारलं तर बाईंच्या कपाळाला आठी पडते आणि दुपारच्या बाई मात्र "वर्ग झाडला का नाही?" म्हणून त्यांनाच बोलतात. वह्या स्टाफरूममध्ये न्या. एवढ्या साध्या गोष्टीने रोजची एक बोलणी वाचतात.

त्यांची जेवायची वेळ कधी असते, तेही बघा. आपली मधली सुट्टी म्हणजे त्यांचा सर्वांत धावपळीचा वेळ: पाण्याच्या टाकीजवळ चिखल, बाथरूमसमोर रांग, कुणीतरी पडलेलं, कुणाचा तरी डबा सांडलेला. ते जेवतात ती नंतरची वेळ, सुट्टी संपून वर्ग सुरू झाल्यावर, साधारण अर्धा तास. त्या अर्ध्या तासात त्यांना बोलवू नका. झेरॉक्स थांबू शकते.

नवरात्रात हे आणखी जपा. रात्री गरबा करून आपण सकाळी डोळे चोळत येतो. ज्या बाईंनी सहाला कुलूप उघडलं, त्या आपल्यासारख्याच गरब्याला गेलेल्या असतात, किंवा कुठल्यातरी गरब्याच्या मैदानावर रात्रपाळीची सफाई करून आलेल्या असतात.

वर्ग सोडताना

घंटा व्हायच्या दोन मिनिटं आधी शिकवणं थांबवा. प्रत्येकाने आपल्या बाकाखालचा केर उचलायचा, पेन्सिलींची सालं डस्टबिनमध्ये, बाक रांगेत. हे महिनाभर नेटाने केलं की मग सांगावं लागत नाही. मी शाळेत ज्या कशाचा आग्रह धरला, त्यातली ही सर्वांत उपयोगी गोष्ट.

हस्तकलेचा तास असेल तर आधीच विचार करा. चमकी, म्हणजे ती बारीक ग्लिटर, झाडूने निघत नाही. ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसावी लागते, तरी बाकांच्या फटींत राहते. थर्माकोल फोडला की त्याचे दाणे झाडूलाच चिकटतात आणि पंखा लागला की वर्गभर. शक्यतो ही दोन्ही आणूच नका, कागद-कापडात भरपूर करता येतं. भिंतीवर चित्रं लावताना फेव्हिकॉल किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी वापरली, तर वार्षिकोत्सवानंतर ती नखांनी खरवडणारं माणूस कोण असतं ते बघून या. परीक्षेच्या नंबरांच्या चिठ्ठ्या गोंदाने चिकटवण्यापेक्षा साध्या टेपने लावा. परीक्षा संपल्यावर ज्याने त्याने आपली चिठ्ठी काढून द्यायची.

लहान वर्ग असेल तर मुलाला उलटी होणारच. तेव्हा पहिलं काम मुलाचं: तोंड धुवा, पाणी द्या, दुसऱ्या खोलीत बसवा. मग बाकीच्या मुलांना त्या रांगेतून बाजूला करा, उलटीवर कोरडी माती किंवा भुसा टाका, जुन्या वर्तमानपत्रांनी झाका. त्यासाठी वर्गाच्या कपाटात एक डबा भरून ठेवायचा. त्यानंतर मावशींना बोलवा आणि सांगा, "एका मुलाला बरं वाटत नाहीये, मी माती टाकली आहे." नाक धरून दारात उभं राहू नका, मुलांनाही "ईई" करू देऊ नका. आजारी मुलाला त्याची लाज वाटते आणि पुसणाऱ्या बाईलाही. त्या पुसत असताना तुम्ही वर्गातच असा आणि झाल्यावर मुलांसमोर त्यांचं नाव घेऊन "थँक यू" म्हणा.

काम सांगायचं कसं

आधी स्वतःला विचारा, हे काम शाळेचं आहे की माझं? रजिस्टर ऑफिसात पोचवणं शाळेचं. तुमच्या स्कूटीत पेट्रोल भरून आणणं, मुलाच्या शाळेची फी भरणं, बँकेच्या रांगेत उभं राहणं, हे तुमचं. आणि सेवउसळ. मधल्या सुट्टीत पटावाळ्याला पाच जणांची सेवउसळ आणायला पिटाळणं बडोद्याच्या स्टाफरूममध्ये इतकं रुळलेलं आहे की त्यात कुणाला काही खटकत नाही. त्याने रस्ता ओलांडून जायचं, गर्दीत उभं राहायचं, रस्सा सांडू न देता आणायचा आणि सुट्टे पैसे कमी पडले तर पदरचे घालायचे. खायची इच्छा झाली तर दोघी जाऊन घेऊन या. त्याला विचारायचंच असेल तर तो स्वतःसाठी बाहेर जात असताना विचारा, पैसे आधी द्या, आणि तो "नाही" म्हणाला तर ते नाही मनाला लावून घेऊ नका.

दुसरं म्हणजे एकाच माणसाला तीन ठिकाणांहून तीन कामं लागू नयेत. मोठ्या शाळेत एक मुख्य पटावाळा असतो, तातडीचं नसेल तर काम त्याच्यामार्फत सांगा. तातडीचं म्हणजे काय, तेही ठरवून घ्या: काच फुटली, मूल पडलं, पाणी सांडून घसरायची भीती आहे, वर्गात साप किंवा कुत्रं आलं. मार्कर संपला, ही तातडी नाही.

चूक झाली तर बाजूला घेऊन बोला. कॉरिडॉरमध्ये, पालकांसमोर, मुलांसमोर कधीच नाही. काम चांगलं झालं तर मात्र ऑफिसात लेखी कळवा, दोन ओळींची चिठ्ठी चालते. एजन्सीच्या माणसाबद्दल तक्रारी लेखी जातात आणि कौतुक तोंडी राहतं. कंत्राट नवं होताना फाईलीत जे आहे तेच बघितलं जातं.

पाणी, कप आणि खुर्ची

इथे मला जरा थांबून लिहायचं आहे, कारण हे बडोदं आहे.

सयाजीराव महाराजांनी 1906 साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी त्यांनी त्याच्याही आधी शाळा काढल्या होत्या. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि 1917 साली करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. ते अधिकारी होते. तरी ऑफिसातले शिपाई फायली त्यांच्या टेबलावर लांबून टाकत, प्यायला पाणी मिळत नसे. राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहातून लोकांनी लाठ्या घेऊन बाहेर काढलं, तेव्हा ते कमाटीबागेत जाऊन बसले. आज तिथे संकल्पभूमी आहे. शाळेची सहल तिकडे नेतो तेव्हा आपण मुलांना हे सांगतोही.

यात एक बाब आपण सहसा बोलत नाही. पाणी न देणारे लोक हुद्द्याने खालचे होते. जातीची उतरंड पगाराच्या उतरंडीशी जुळत नाही, ती वेगळी चालते आणि सपोर्ट स्टाफच्या आतही चालते. तुमच्या शाळेत बघा. चहा करणारे पटावाळे किंवा आयाबेन वेगळ्या, बाथरूम धुणारे वेगळे. बाथरूम धुणाऱ्याला पॅन्ट्रीत येऊ देत नाहीत. त्याचा चहा प्लास्टिकच्या कपात किंवा त्याच्या स्वतःच्या स्टीलच्या ग्लासात, वरून ओतून. तो जिन्याखाली बसून डबा खातो आणि बाकीचे पटावाळे खोलीत. विचारलं तर "त्यालाच तिथे बरं वाटतं" असं उत्तर येतं.

तेव्हा नव्या शिक्षकाने "मी सगळ्यांशी सारखाच वागतो" यावर समाधान मानून चालणार नाही. तुम्ही काय करू शकता? स्टाफरूमच्या चहाचे कप सगळ्यांना एकाच ट्रेमधून जातील असं बघा. भाषण न देता, स्वतः ट्रे उचलून आधी त्यांच्याकडे न्या. पाण्याच्या कूलरवर "फक्त स्टाफसाठी" अशी पाटी असेल, तर ती काढायची विनंती मुख्याध्यापकांकडे करा, मावशी-काकांनाही त्याच कूलरचं पाणी हवं. जिन्याखाली बसणाऱ्यासाठी खुर्ची, पंखा आणि डबा ठेवायला कप्पा मागा. बायकांसाठी कपडे बदलायला कडी लागणारी खोली आणि वापरायला धड बाथरूम मागा. शाळेतली सगळी बाथरूम धुणाऱ्या बाईला स्वतःला कुठे जायचं ते ठाऊक नसतं, असं चित्र मी एकाहून अधिक शाळांत पाहिलं आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी जेवण असेल तर पहिल्या पंगतीतली काही ताटं त्यांची ठेवा. शेवटी उरलेलं डब्यात भरून देणं म्हणजे जेवण देणं नव्हे. दिवाळीला सगळ्यांनी मिळून पाकीट द्यायचं असेल तर रक्कम सर्वांना सारखी, बाथरूमवाल्या दोन तासांच्या बाईलाही. जुन्या साड्या, लहान झालेले कपडे द्यायचे असतील तर आधी एकटीला विचारा, कपडे धुऊन-इस्त्री करून द्या आणि त्यांनी नको म्हटलं तर विषय तिथे सोडा.

अ‍ॅसिड, मांजा आणि पुराचा गाळ

बाथरूम स्वच्छ करणाऱ्यांना बहुधा कुणीच सांगत नाही की ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र करायचं नसतं. बाथरूमचं क्लीनर म्हणून जे निळं द्रावण येतं, त्यातही बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच असतं. दोन्ही मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, खोकल्याची ढास लागते, बंद खोलीत जिवावर बेतू शकतं. विज्ञानाचे शिक्षक असाल तर हे तुमचं काम समजा. दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसा, बाटल्या समोर ठेवून सांगा, बाटल्यांवर गुजरातीत मोठ्या अक्षरांत लिहून द्या. वाचता येत नसेल तर एकावर लाल आणि दुसऱ्यावर हिरवी पट्टी लावा. हातमोजे फाटके असतील तर नवे मागवायची चिठ्ठी तुम्ही लिहा. तुमची चिठ्ठी लवकर मंजूर होते.

उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीनंतर, शाळा उघडते तेव्हा मैदानात, झाडांवर, जाळीवर मांजाची गुंतवळ असते. काच लावलेला दोरा उघड्या हातांनी गोळा करताना बोटं कापतात. मोठ्या वर्गातल्या मुलांना घेऊन, जाड मोजे घालून, तुम्ही स्वतः हे काम एका तासात उरकू शकता. पतंग आपणच उडवलेले असतात.

सेप्टिक टँक किंवा गटार तुंबलं तर एक नियम पक्का. शाळेच्या सफाई कामदाराला कुणीही आत उतरवायचं नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाकडून असं काम करवून घेणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झाल्यास 30 लाख रुपयांची भरपाई द्यायला सांगितलं आहे. "जरा वाकून बघ" एवढंही सांगू नका, वायूने माणूस काठावरच बेशुद्ध होऊन आत पडतो. महापालिकेची गाडी बोलवायची असं ऑफिसला स्पष्ट सांगा.

आणि विश्वामित्री नदीचा पूर. 2019 च्या जुलैअखेर आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये शहराने जे बघितलं, ते पुन्हा होऊ शकतं. पाणी ओसरल्यावर शाळेत गाळ असतो आणि तो काढायला सगळ्यात आधी ज्यांना फोन जातो, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या स्वतःच्या घरातही तसाच गाळ असतो. आधी त्यांचं घर विचारा. दोन दिवस उशिरा शाळा उघडली तर चालेल, असं मुख्याध्यापकांना सांगणारे चार शिक्षक लागतात. गाळात उतरणाऱ्याला गमबूट आणि मोजे हवेतच. पायाला जखम असेल तर त्याने उतरू नये, कारण पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. नंतर ताप आला तर अंगावर काढू न देता दवाखान्यात पाठवा आणि डॉक्टरांना पुराच्या पाण्यात काम केल्याचं सांगायला सांगा.

काही हरवलं तर

पर्स, मोबाईल, सोन्याची रिंग. शाळेत काही हरवलं की पाच मिनिटांत सगळ्यांच्या नजरा मावशींकडे वळतात. नाव कुणी घेत नाही, पण "सकाळी वर्ग कुणी झाडला होता?" असं विचारलं जातं.

अशा वेळी हे करा. आधी स्वतःच्या बॅगेत, गाडीच्या डिकीत, घरी फोन करून, कालच्या वर्गात शोधा. मग मुख्याध्यापकांना सांगा, स्टाफरूममध्ये चर्चा करू नका. वस्तू महाग असेल तर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघायची लेखी मागणी करा. कुणाच्याही पिशवीची झडती मागू नका. झडती होणारच असेल तर शिक्षकांपासून सुरू झाली पाहिजे आणि तुमची पर्स पहिली उघडा. वस्तू सापडली, आणि बहुतेक वेळा ती आपल्याच कुठल्यातरी कप्प्यात सापडते, तर ज्यांच्या कानावर हरवल्याची बातमी गेली होती त्या प्रत्येकाला सापडल्याची बातमी जायला हवी. मावशींना स्वतः जाऊन सांगा. एका शाळेत सापडल्याचं कुणी सांगितलंच नाही आणि ती बाई पुढे कितीतरी दिवस स्टाफरूममध्ये झाडायला शिरताना दार सताड उघडं ठेवून, पदर खोचून, दोन्ही हात दिसतील असे धरून काम करायची. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मुलांना काय शिकवाल

मुलं आपल्याकडे बघून शिकतात, त्यामुळे वर लिहिलेलं पाळलं तर अर्धं काम झालं. उरलेलं असं: वर्ग झाडायची पाळी लावा तर मुलामुलींना सारखी, हजेरी क्रमांकाने. शिक्षा म्हणून झाडायला लावू नका. शिक्षा म्हणून झाडू हातात आला की झाडू धरणारा शिक्षा भोगणारा ठरतो. बाथरूम धुवायला मुलांना कधीच पाठवू नका आणि अमुकच मुलांना सफाईला निवडणं तर सरळ अत्याचार आहे. "अभ्यास कर, नाहीतर झाडू मारशील" हे वाक्य तोंडात येऊ देऊ नका. मागच्या बाकावर त्याच मावशींचा मुलगा बसलेला असू शकतो.

त्यावरून आठवलं. खाजगी विनाअनुदानित शाळांत शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याखाली पहिल्या प्रवेशवर्गाच्या 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी असतात. फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो आणि दाखले वेळेत काढावे लागतात. तुमच्या मावशींचं लहान मूल त्या वयाचं असेल तर उत्पन्नाचा दाखला, राहण्याचा पुरावा, जन्मदाखला यांची यादी महिना-दोन महिने आधी लिहून द्या आणि फॉर्म तुमच्या मोबाईलवरून भरून द्या.

पगार, पीएफ आणि तक्रार

नव्या शिक्षकाने पहिल्याच वर्षी पुढारी होऊ नये, असं मला वाटतं. त्याचा त्रास तुमच्याआधी त्यांनाच होतो. पण माहिती देणं ही पुढारीपणाची गोष्ट नाही.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत मिळायला हवा. एजन्सीने दिला नाही तर कंत्राट देणारी संस्था, म्हणजे शाळा, तो देण्याला बांधील असते. पीएफ कापला जात असेल तर त्यांचा 12 आकडी यूएएन नंबर, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, असतो. तो त्यांना माहीत नसेल तर सुपरवायझरकडून मागून घ्यायला सांगा, मोबाईलवर पासबुक उघडून दाखवा आणि दर महिन्याला रक्कम भरली जाते की नुसती कापली जाते, ते दोघांनी मिळून बघा. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, कापलं जात असेल तर त्यांना आणि घरच्यांना गोत्रीच्या ईएसआय हॉस्पिटलात उपचार मिळतात. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे लोक कर्ज काढून खाजगी दवाखान्यात जातात.

सुपरवायझर किंवा आपल्यातलाच कुणी एखाद्या बाईशी वाईट वागत असेल, तर दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असावीच लागते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा कंत्राटी आणि रोजंदारीवरच्या बायकांनाही लागू आहे. तक्रार तीन महिन्यांत द्यायची. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीच्या अध्यक्षांचं कर्तव्य आहे. समितीत कोण आहे याची यादी नोटीस बोर्डावर, त्यांच्या बसण्याच्या जागेजवळ, गुजरातीत लागली आहे ना, ते बघा. तक्रार करायची की नाही हे त्या बाईला ठरवू द्या. त्यांच्या परवानगीशिवाय तुम्ही स्टाफरूममध्ये एक शब्दही बोलायचा नाही.

उसने पैसे मागितले तर परत न आल्यास चालतील तेवढेच द्या आणि त्या बदल्यात जास्तीचं काम सांगू नका.

होळीची रजा

बडोद्यात सफाईची, बांधकामाची कामं करणारे पुष्कळ लोक दाहोद, छोटा उदेपूर, पंचमहाल भागातले आदिवासी आहेत. आपल्याला वाटतं दिवाळीची सुट्टी दिली की झालं. त्यांचा मोठा सण होळी. गावी गेल्याशिवाय होळी होत नाही आणि होळीनंतर कवांटच्या घेरच्या मेळ्यापर्यंत गाव गजबजलेलं असतं. नेमकी तेव्हाच बोर्डाच्या परीक्षेची धावपळ असते, सुपरवायझर रजा नाकारतो, माणूस न सांगता जातो आणि परत येतो तेव्हा कामावर दुसरा असतो. दरवर्षी हेच घडतं आणि दरवर्षी शाळेला ते अचानक घडल्यासारखं वाटतं.

जानेवारीतच विचारा, कोण कोण गावी जाणार. मुख्याध्यापकांना यादी द्या. जे शहरातच राहणारे आहेत त्यांच्याशी दिवाळीच्या रजेची अदलाबदल ठरवता येते, त्यांना दिवाळीत जास्तीचे दिवस आणि यांना होळीत. त्या आठ-दहा दिवसांत मोठ्या वर्गांनी आपापला वर्ग स्वतः झाडायचा, त्याचं वेळापत्रक तुम्ही बनवा.

एजन्सी बदलते तेव्हा

कंत्राट संपलं की एखाद्या सोमवारी अचानक नवे चेहरे दिसतात. कायम शिक्षक निवृत्त होतो तेव्हा शाल-श्रीफळ असतं. चार-पाच वर्षं तुमचा मजला झाडणाऱ्या बाई मात्र कुणाला न सांगता जातात. कंत्राटाची तारीख ऑफिसात आधी माहीत असते, ती विचारून ठेवा. जाण्याआधी त्यांना शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीचं अनुभवपत्र मिळवून द्या, त्यात किती वर्षं काम केलं ते लिहिलेलं हवं. नव्या एजन्सीला जुना यूएएनच द्यायचा, दुसरा काढू द्यायचा नाही, हे त्यांना समजावून सांगा. शेवटच्या महिन्याचा पगार आणि राहिलेल्या सुट्ट्यांचे पैसे मिळाले का, हे पंधरा दिवसांनी फोन करून विचारा. त्यासाठी त्यांचा मोबाईल नंबर आजच घेऊन ठेवा.